‘प्ल्यूस-क-पार्फे’ शिकवणारा मराठी अभ्यासक्रम : रूपे चोख, वापर अर्धवट

पुण्यातील एका खासगी संस्थेने मराठी माध्यमातून तयार केलेला फ्रेंचचा मध्यम स्तराचा अभ्यासक्रम गेल्या उन्हाळ्यात आम्ही घेतला. माझी पुतणी देल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या बी-वन स्तराची तयारी करते आहे, आणि आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाहून शिकवणीसाठी रोज नागपूर गाठणे परवडणारे नाही. तेव्हा ध्वनिचित्रित पाठ, सोबत टपालाने येणारी छापील सरावपुस्तिका आणि आठवड्यातून एकदा शंकानिरसनाचा तास अशी रचना असलेला हा अभ्यासक्रम सोयीचा वाटला. मी माध्यमिक शाळेत मराठी व्याकरण शिकवतो, म्हणून पाठ तिच्यासोबत बसून पाहिले. पुढचे सारे मत त्याच नजरेने बनलेले आहे. परीक्षण संपूर्ण अभ्यासक्रमाचे नसून ज्याला फ्रेंचमध्ये ‘प्ल्यूस-क-पार्फे’ म्हणतात, त्या काळाच्या घटकापुरते आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे गुणदोष येथे नोंदवतो आहे ते या प्रकारच्या कोणत्याही अभ्यासक्रमात तपासून पाहण्याजोगे आहेत.

हाच घटक निवडण्याचे कारण परीक्षेतच आहे. देल्फमध्ये श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण यांना प्रत्येकी २५ असे १०० गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० आणि प्रत्येक विभागात किमान ५ गुण लागतात. बी-वन स्तरावर लेखनात सुमारे १६० शब्दांचा मजकूर लिहावा लागतो, आणि त्यात अनुभव सांगायचा झाला की भूतकाळाचे तीन पदर हाताळावे लागतात : घडलेली घटना सांगणारा ‘पासे कोंपोझे’, तेव्हाची परिस्थिती किंवा सवय सांगणारा ‘अँपार्फे’, आणि त्या घटनेच्याही आधी पूर्ण झालेली गोष्ट सांगणारा ‘प्ल्यूस-क-पार्फे’. पहिले दोन येऊन तिसरा आला नाही तर कथन एका रेषेत चालते; मागे वळून ‘त्याआधी असे झाले होते’ हे सांगण्याची सोयच उरत नाही.

रूपसिद्धीचा भाग या अभ्यासक्रमाने फार चांगला हाताळला आहे, हे आधी निःसंशय नोंदवतो. नियम थोडक्यात असा, की ‘आव्वार’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) या दोनपैकी एका साहाय्यक क्रियापदाचे अँपार्फेतील रूप घ्यायचे आणि त्याला मुख्य क्रियापदाचे भूतकृदंत जोडायचे. ‘झाव्हे मांझे’ म्हणजे ‘मी खाल्ले होते’, ‘झेते पार्ती’ म्हणजे ‘मी निघालो होतो’. पाठात ही रूपे आधी कानावर घातली जातात आणि तक्ता नंतर येतो, हा क्रम मला विशेष आवडला. लेखी तक्ता पाहिला तर मी, तू, तो आणि ते या चार पुरुषांची रूपे तीन वेगवेगळ्या वर्णरचनांनी लिहिली जातात. ऐकताना मात्र चारही ठिकाणी ‘आव्हे’ एवढेच ऐकू येते. ‘इल आव्हे’ म्हणजे ‘त्याने’ आणि ‘इल-झाव्हे’ म्हणजे ‘त्यांनी’ यांत फरक करणारा एकमेव ध्वनी म्हणजे मध्ये जोडला जाणारा ‘झ’. तो निसटला तर एकवचन आणि अनेकवचन ओळखण्याचा दुसरा मार्ग कानाला राहत नाही. ‘नू-झाव्ह्यों’ आणि ‘व्हू-झाव्ह्ये’ ही ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ची रूपे तेवढी वेगळी उठून दिसतात. शिक्षिकाबाईंनी हा भाग सावकाश आणि पुनःपुन्हा म्हणवून घेतला आहे.

भूतकृदंतांचे तक्तेही नेटके आहेत. ‘एर’ने संपणाऱ्या क्रियापदांना ‘ए’, ‘ईर’वाल्यांपैकी बहुतेकांना ‘ई’ आणि ‘र’वाल्यांपैकी पुष्कळांना ‘यू’ हे सांगून झाल्यावर अनियमित रूपे गटांत मांडली आहेत : करणे ‘फे’, म्हणणे ‘दी’, लिहिणे ‘एक्री’, घेणे ‘प्री’, पाहणे ‘व्ह्यू’, वाचणे ‘ल्यू’, उघडणे ‘उव्हेर’. अकारविल्हे याद्यांपेक्षा ध्वनिसाम्यावर बांधलेले हे गट पाठ होण्यास सोपे जातात.

‘एत्र’ घेणाऱ्या क्रियापदांसाठी पुस्तिकेत एका दुमजली घराचे चित्र दिले आहे. दारातून आत येणे, बाहेर जाणे, जिना चढणे, उतरणे, पडणे, थांबणे, जन्मणे, मरणे अशा क्रिया त्या घरात ठिकठिकाणी दाखवल्या आहेत. फ्रेंचच्या वर्गांत हे चित्र सर्रास वापरले जाते, त्यात नवे काही नाही. परंतु पुढे जो उपभाग आहे तो सहसा वगळला जातो आणि येथे तो घेतला आहे, याचे श्रेय दिले पाहिजे. यांपैकी काही क्रियापदांना कर्म मिळाले की ती ‘एत्र’ सोडून ‘आव्वार’ घेतात. ‘इल एते सोर्ती’ म्हणजे तो बाहेर पडला होता. ‘इल आव्हे सोर्ती ला शारेत’ म्हणजे त्याने बंडी बाहेर काढली होती. मराठीत आपण येथे क्रियापदच बदलतो : निघणे आणि काढणे, चढणे आणि चढवणे, उतरणे आणि उतरवणे. फ्रेंचमध्ये क्रियापद तेच राहते आणि भेद साहाय्यकावर येतो. ही तुलना पाठात नाही. मी ती पुतणीला सांगितली, तेव्हा तिने वहीत आपल्याकडच्या क्रियापदांच्या जोड्या लिहून काढल्या आणि त्यानंतर त्या उपभागाचे स्वाध्याय तिला जड गेले नाहीत. मराठी माध्यमातला म्हणवणाऱ्या अभ्यासक्रमाने मराठीचा एवढा उपयोग करून घ्यायला हरकत नव्हती.

हीच उणीव भूतकृदंताच्या लिंगवचनाच्या पाठात अधिक ठळकपणे जाणवते. ‘एत्र’ असेल तर कृदंत कर्त्याप्रमाणे बदलते : ‘इल एते मोर’ म्हणजे तो मेला होता, ‘एल एते मोर्त’ म्हणजे ती मेली होती. ‘तो गेला होता, ती गेली होती’ म्हणणाऱ्या माणसाला हे शिकवावेच लागत नाही. फक्त फ्रेंचमध्ये हा बदल बहुतेकदा लिहिण्यापुरता असतो आणि कानाला कळत नाही, एवढे बजावून सांगावे लागते. ‘आव्वार’ असेल तर मात्र कृदंत कर्त्याकडे पाहत नाही, आणि कर्माकडेही तेव्हाच पाहते, जेव्हा कर्म क्रियापदाच्या आधी येऊन गेलेले असते. ‘झाव्हे एक्री यून लेत्र’ म्हणजे मी एक चिठ्ठी लिहिली होती, येथे कृदंत ‘एक्री’च राहते, ‘ला लेत्र क झाव्हे एक्रीत’ म्हणजे मी लिहिलेली ती चिठ्ठी, येथे चिठ्ठी आधी येते आणि स्त्रीलिंगी असल्याने कृदंत ‘एक्रीत’ होते. सोळाव्या शतकातील कवी क्लेमां मारो यांनी इटालियनच्या धर्तीवर या नियमाचा पुरस्कार केला, ही माहिती पाठात दिली आहे आणि ती रंजकही आहे.

पण मराठी विद्यार्थ्याचा पाय नेमका कोठे घसरतो, याचा विचार पाठात नाही. आपल्या कर्मणी प्रयोगात कर्म कोठेही असो, क्रियापद त्याच्यामागे जाते : ‘मी चिठ्ठी लिहिली होती’, ‘चिठ्ठी मी लिहिली होती’. त्यामुळे आपला विद्यार्थी फ्रेंचमध्येही सर्वत्र कृदंत बदलू लागतो, आणि ‘झाव्हे एक्रीत यून लेत्र’ असे चुकीचे वाक्य त्याला पूर्णपणे बरोबर वाटते. इंग्रजीतून शिकणाऱ्याची अडचण याच्या नेमकी उलट असते. त्याला कृदंत बदलायचे भान आणावे लागते, आपल्या मुलांना ते आवरायला शिकवावे लागते. नववी-दहावीत तीन प्रयोग शिकलेल्या मुलाला हे एका वाक्यात सांगता येते : फ्रेंचमध्ये ‘आव्वार’सह कर्म नंतर आले तर कृदंत भावे प्रयोगातल्या क्रियापदासारखे जागचे हलत नाही, आणि कर्म आधी आले तर कर्मणीसारखे वागते. पुस्तिकेतील स्वाध्याय इंग्रजी माध्यमाच्या एखाद्या जुन्या संचावर बेतलेले असावेत अशी शंका येते, कारण त्यांत कृदंत बदलायला लावणारी वाक्ये भरपूर आहेत आणि न बदलायला लावणारी जवळजवळ नाहीतच.

नकार आणि क्रियाविशेषणांचा पाठ छोटा आहे आणि तो तसाच असायला हवा. नकाराचे ‘न’ आणि ‘पा’ हे दोन्ही तुकडे साहाय्यकाच्या दोन बाजूंना बसतात, ‘झ नाव्हे पा मांझे’. आणि ‘आधीच’ या अर्थाचे ‘देझा’ साहाय्यक आणि कृदंत यांच्यामध्ये येते. वऱ्हाडी बोलणाऱ्यांना एवढे लक्षात ठेवावे लागेल, की आपण ‘गेल्तो’, ‘आल्ता’ असे दोन्ही शब्द एकजीव करून टाकतो, तर फ्रेंचमध्ये हे दोन शब्द शेवटपर्यंत सुटे राहतात आणि मधली जागा सतत वापरात असते.

आता वापराविषयी, आणि माझी मुख्य तक्रार येथेच आहे. घटकाच्या प्रस्तावनेत एक वाक्य मोठ्या अक्षरांत दिले आहे : ‘मराठीतील पूर्ण भूतकाळ म्हणजेच फ्रेंचमधील प्ल्यूस-क-पार्फे.’ रूपापुरते ते खरे आहे. वापरापुरते ते विद्यार्थ्याला सरळ खड्ड्यात नेते. आपण ‘काल मी वर्ध्याला गेलो होतो’ असे सहज म्हणतो. त्यात दुसऱ्या कोणत्याही घटनेचा संबंध नसतो, गेलो आणि परत आलो एवढेच सांगायचे असते. ‘मागच्या वर्षी सोयाबीनला बरा भाव मिळाला होता’ या वाक्यातही ‘होता’ आहे तो केवळ गोष्ट जुनी झाली म्हणून. फ्रेंचमध्ये या दोन्ही ठिकाणी पासे कोंपोझे येतो : ‘येर, झ स्वी झाले आ वर्धा’. तेथे ‘झेते आले’ म्हटले, तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो, कारण त्या रूपाने ‘कशाच्या तरी आधी’ असे वचन दिलेले असते आणि ते ‘कशाच्या’ अजून आलेले नसते.

हा दोष केवळ प्रस्तावनेतील वाक्यापुरता असता तर मी तो सोडून दिला असता. पुस्तिकेत भाषांतराच्या स्वाध्यायात ‘काल मी मंडईत गेलो होतो’ असे एकटे वाक्य आहे आणि मागे उत्तरसूचीत त्याचे ‘येर, झेते आले ओ मार्शे’ असे उत्तर छापले आहे. वाक्य व्याकरणदृष्ट्या अशुद्ध नाही, परंतु सुट्या वाक्यासाठी हे उत्तर शिकवणे म्हणजे चुकीची सवय लावणे होय. त्याच पानावर याच जातीची आणखी वाक्ये आहेत आणि सगळ्यांची उत्तरे त्याच साच्यातून काढलेली आहेत.

यावर आम्ही घरी जो उपाय केला तो साधा आहे. मराठीत ‘होता, होती, होते’ आले की ‘कशाच्या आधी?’ हा प्रश्न विचारायचा. भूतकाळातला ठरावीक क्षण उत्तरादाखल मिळाला तर प्ल्यूस-क-पार्फे, न मिळाला तर पासे कोंपोझे. ‘आम्ही स्टँडवर पोहोचलो तेव्हा एस.टी. निघून गेली होती’ : कशाच्या आधी, तर आम्ही पोहोचण्याच्या आधी, म्हणून ‘कां नू सोम-झारिव्हे, ल कार एते देझा पार्ती’. (लांब पल्ल्याच्या बसला फ्रेंच लोक ‘कार’ म्हणतात, हे जाता जाता सांगितले पाहिजे, नाहीतर मुले मोटारगाडी समजतात.) ‘पोस्टमन येऊन गेला तेव्हा मी बाहेर पडलो होतो’ हेही त्याच जातीचे. क्षण वाक्यात उच्चारलेला असलाच पाहिजे असे नाही. ‘मी तुला सांगितलं होतं ना!’ हे आपले घरोघरी ऐकू येणारे वाक्य फ्रेंचमध्येही याच काळात येते, ‘झ त लाव्हे ब्यँ दी’, कारण सांगणे आधी झाले आणि व्हायचे ते नुकसान नंतर झाले, हे दोघांनाही ठाऊक असते. या कसोटीला उतरणारी आणि न उतरणारी वाक्ये एकत्र मिसळून पुतणीकडून लिहून घेतली, तेव्हा हा काळ तिच्या निबंधांत जिथे शोभतो तिथेच येऊ लागला.

अप्रत्यक्ष कथनात गोष्ट बरोबर उलट होते. तेथे आपण हा काळ वापरत नाही आणि फ्रेंचला तो हवा असतो. ‘तो म्हणाला की मी कापूस विकला’ असे मराठीत म्हणताना मूळ बोलणाऱ्याचा काळ आणि पुष्कळदा पुरुषही जसाच्या तसा ठेवतात. फ्रेंचमध्ये म्हणण्याचे क्रियापद भूतकाळात असेल तर आतला पासे कोंपोझे एक पायरी मागे सरकतो : ‘इल आ दी किल आव्हे व्हांद्यू ल कोतों’. अभ्यासक्रमात हा नियम दिला आहे, उदाहरणेही चांगली आहेत, पण तो दुसऱ्याच घटकात, अप्रत्यक्ष कथनाच्या पाठात आहे आणि या घटकातून तिकडे निर्देश नाही. एका ठिकाणी गरजेपेक्षा जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी गरज असूनही नाही, हा मराठी विद्यार्थ्याचा दुहेरी कल एकत्र दाखवला असता तर पाठ खरोखर मराठी विद्यार्थ्यासाठी लिहिलेला वाटला असता.

‘जर-तर’ची वाक्ये मात्र शिक्षिकाबाईंनी उत्तम शिकवली आहेत. होऊ न शकलेल्या भूतकाळासाठी ‘सी’च्या (म्हणजे ‘जर’च्या) उपवाक्यात प्ल्यूस-क-पार्फे आणि मुख्य वाक्यात ‘केले असते’ या अर्थाचे कोंदिस्योनेल पासे, हे सूत्र त्यांनी ठसवले आहे. मराठीत दोन्हीकडे ‘असता’ येते : ‘जूनमध्ये पाऊस आला असता तर आम्ही पऱ्हाटी लावली असती.’ म्हणून आपला विद्यार्थी फ्रेंचमध्येही दोन्हीकडे एकच रूप लावतो. शुद्ध वाक्य असे : ‘सिल आव्हे प्ल्यू आं झ्वँ, नू-झोर्यों समे ल कोतों’. फ्रेंच मुलेही पहिल्या भागात ‘सी झोरे’ म्हणून हीच चूक करतात, आणि त्यांना आवरण्यासाठी तेथे ‘ले सी नेम पा ले रे’, म्हणजे ‘सी’ला (कोंदिस्योनेलच्या शेवटी येणारा) ‘रे’ आवडत नाही, असे सूत्र पाठ करून घेतात. ते पाठात आले आहे आणि पुतणीच्या तोंडी बसले आहे. मुख्य वाक्य गाळून नुसती हळहळ व्यक्त करण्याचा प्रकारही घेतला आहे : ‘सी सल्मां झाव्हे स्यू’, मला ठाऊक असते तर! सगळी उदाहरणे पॅरिसची गाडी चुकण्याची आणि तिकिटे संपण्याची आहेत. पेरणी, पाऊस आणि भाव यांवर आमच्याकडे रोज अशी वाक्ये बोलली जातात, तेव्हा उदाहरणे बदलून घेण्यास फार वेळ लागत नाही.

एक बारीक गोष्ट पाठात नाही, ती नोंदवतो. विनंती सौम्य करण्यासाठी फ्रेंचमध्ये ‘झेते व्हन्यू व्हू दमांदे’ अशी सुरुवात करता येते आणि मराठीत आपण अगदी तसेच ‘तुम्हाला एक विचारायला आलो होतो’ म्हणतो, समोर उभे असतानाच. येथे मराठी कान आपोआप बरोबर चालतो. जुन्या कथा-कादंबऱ्यांत भेटणारा ‘पासे आंतेरियर’ नावाचा भूतकाळ अभ्यासक्रमाने वगळला आहे आणि या स्तरावर ते योग्यच आहे.

सेवेविषयी थोडे. पाठ उतरवून घेऊन नंतर पाहण्याची सोय आहे, आणि दिवसा रेंज नसलेल्या गावांसाठी हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट ठरते. आम्ही रात्री उतरवून ठेवत असू आणि भारनियमनात मोबाइलवर पाहत असू. लहान आकाराची प्रत उतरवली तर मात्र आवाज इतका दबतो, की ‘झे मांझे’ (मी खाल्ले) आणि ‘झ मांझे’ (मी खात असे) यांतला फरक पुसला जातो. तेव्हा चित्र लहान घ्यावे, पण ध्वनीची स्वतंत्र फाइल पूर्ण दर्जाची घ्यावी. ती वेगळी मिळते, परंतु ती कोठे आहे हे सहज सापडत नाही. तक्त्यांत साहाय्यक क्रियापदे फिक्या पिवळ्या अक्षरांत दाखवली आहेत. ओसरीत उजेडात बसून पाहणाऱ्याला ती दिसत नाहीत. छापील पुस्तिकेचा कागद आणि अक्षर चांगले आहे. शंकानिरसनाच्या तासाला शिक्षिकाबाई वेळेवर येतात आणि घाई न करता उत्तर देतात. मंडईच्या वाक्याचा मुद्दा आम्ही तेथेच मांडला, त्यांनी तो मान्य केला आणि शुद्धिपत्र काढू असे सांगितले. हे लिहीपर्यंत ते आलेले नाही.

साडेतीन हजार रुपयांत रूपे, उच्चार आणि ‘सी’ची वाक्ये यांची एवढी पक्की तयारी होत असेल तर किंमत रास्त आहे, आणि नागपूरच्या शिकवणीच्या निम्मीही ती नाही. घरात मराठी व्याकरण जाणणारे कोणी असेल, तर हा घटक जसा आहे तसा घ्यावा, फक्त वापराच्या स्वाध्यायाचे उत्तरपान फाडून बाजूला ठेवावे आणि ती वाक्ये स्वतः तपासावीत. एकट्याने शिकणाऱ्याने शुद्धिपत्र निघाल्याची खात्री करून मगच पैसे भरावेत.